वाचनालयाच्या वाय-फायवर हरवलेला कंट्रोलर: एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

तालुक्याच्या गावातलं शासनमान्य 'अ' वर्ग वाचनालय. तळमजल्यावर देवघेव विभाग आणि कार्यालय, पहिल्या मजल्यावर बालविभाग आणि नियतकालिकं, दुसऱ्यावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका. अभ्यासिकेत सकाळी दार उघडल्यापासून रात्री कुलूप लागेपर्यंत मुलं बसलेली असतात. त्यातली बरीचशी आसपासच्या गावांतून येतात, घरी नीट नेटवर्क मिळत नाही म्हणून सराव चाचण्या आणि व्याख्यानं इथेच बसून उतरवून घेतात. इथलं वाय-फाय एक दिवस बंद राहिलं तर कोणाचा तरी अर्ज भरायचा राहतो. पुढचे सगळे निर्णय ही गोष्ट धरूनच घ्यावे लागले.

इमारतीत छताला सहा ॲक्सेस पॉइंट बसवलेले आहेत, सगळे युबिक्विटी कंपनीच्या युनिफाय मालिकेतले. कार्यालयाच्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीत नेटवर्कच्या सगळ्या केबल एकत्र जोडणारा आणि लॅन केबलमधूनच वीज पुरवणारा एक साधा स्विच आणि शेजारी इंटरनेट कंपनीचा राउटर. वाय-फायची नावं दोन: एक वाचकांसाठी, एक कर्मचाऱ्यांसाठी.

काम माझ्याकडे दोन कारणांनी आलं. अभ्यासिकेला लागून नवं दालन झालं होतं, त्यासाठी सातवा ॲक्सेस पॉइंट आणून ठेवलेला होता. आणि कर्मचाऱ्यांच्या वाय-फायचा पासवर्ड बाहेर पसरला होता, तो बदलायचा होता. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून होतात: ॲक्सेस पॉइंटवर देखरेख करणाऱ्या कंट्रोलरमधून. त्या कंट्रोलरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर तो ज्या आकड्यांनी सापडतो तो, वाचनालयात कोणालाच माहीत नव्हता.

हाताशी काय होतं

ग्रंथपाल मॅडमनी फाइल काढून दिली. बिलात 'कंट्रोलर – १ नग' अशी ओळ होती. त्यामागे हाताने लिहिलेलं एक पान: वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, आणि पत्त्याच्या जागी 'ऑफिसच्या पीसीवर बुकमार्क केला आहे' एवढंच. तो पीसी मधल्या काळात बदलला होता, जुन्याची हार्ड डिस्क पुसून तो भंगारात गेला होता. काम करून देणाऱ्याने व्यवसायच सोडला होता, त्याच्याशी संपर्क होत नव्हता.

"कंट्रोलर म्हणजे तो राउटरच ना, सर?" मॅडमनी विचारलं. हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की उत्तर नीट द्यायला हवं. राउटर इमारतीतल्या सगळ्यांना बाहेरच्या इंटरनेटशी जोडतो. ॲक्सेस पॉइंट वाय-फाय पसरवतो. कंट्रोलर ही तिसरी चीज. या मालिकेत तो म्हणजे एखाद्या संगणकावर चालणारी प्रणाली, जी ॲक्सेस पॉइंटना त्यांची नावं, पासवर्ड, मर्यादा आणि चॅनेल ठरवून देते. एकदा सेटिंग दिलं की ॲक्सेस पॉइंट ते लक्षात ठेवतात आणि कंट्रोलर बंद पडला तरी वाय-फाय चालूच राहतं. म्हणूनच कंट्रोलर हरवला आहे हे महिनोन्‌महिने कोणाला कळत नाही. कळतं ते थेट काही बदलायची वेळ आल्यावर.

बोलता बोलता मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, तक्रार म्हणून: गेल्या वर्षी इंटरनेटची कंपनी बदलली, तेव्हापासून कॅमेरे मोबाइलवर दिसत नाहीत. मी ती वहीत टिपून घेतली. अशा जागी 'तेव्हापासून' हा शब्द कानावर आला की तो लिहून ठेवावा.

रीसेटचा सल्ला

गावातल्या एका तंत्रज्ञाने आधीच सांगून ठेवलं होतं की सगळे ॲक्सेस पॉइंट रीसेट करा आणि नवा कंट्रोलर टाका. हा मार्ग आहे, चालतोही. मी त्याच्या ठाम विरोधात होतो. सहाही पॉइंट छताला आहेत, प्रत्येकासाठी शिडी लावावी लागणार आणि अभ्यासिकेतल्या मुलांना उठवावं लागणार. वाचकांच्या वाय-फायला प्रत्येकी किती वेग द्यायचा, कुठल्या पॉइंटने कुठला चॅनेल वापरायचा, हे कोणीतरी एकेकाळी विचार करून बसवलेलं होतं आणि ते कुठेही कागदावर नव्हतं. रीसेट केलं की ते कायमचं गेलं. शिवाय कंट्रोलर ज्यावर चालतो ते यंत्र इमारतीत कुठेतरी वीज खात पडून असणार, बहुधा जुन्या पासवर्डसह. ते शोधल्याशिवाय त्याच्या शेजारी दुसरं बसवणं मला पटत नाही.

सुरुवात करण्याआधी कार्यवाहांकडून चार ओळींचं पत्र घेतलं: वाचनालयाच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधण्याची परवानगी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणक-जाळ्यात शिरण्याबद्दल तरतूद आहे, आणि अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपण मदतच करतोय म्हणून पत्र नको, असं समजू नये. सार्वजनिक संस्थेत उद्या पदाधिकारी बदलतात.

पहिली फेरी: विचारत फिरणं

सोबत लॅपटॉप होता. पहिल्यांदा वाचकांच्या वाय-फायला जोडून पाहिलं. आयपी मिळाला, इंटरनेट चाललं, पण राउटर सोडून शेजारपाजारचं एकही उपकरण दिसेना. हे अपेक्षितच होतं. पाहुण्यांच्या वाय-फायवर बहुधा विलगीकरण लावलेलं असतं, म्हणजे एका फोनला दुसरा फोन किंवा कार्यालयातला संगणक दिसू द्यायचा नाही. वाचकांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण अनेक जण इथेच अडकतात. चुकीच्या वाय-फायवर बसून तासभर शोधतात आणि 'नेटवर्कवर काहीच नाही' असा निष्कर्ष काढतात. मी कर्मचाऱ्यांच्या वाय-फायवर गेलो.

लॅपटॉपला १९२.१६८.२९ ने सुरू होणारा पत्ता मिळाला होता, गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.२९.१. ब्राउझरमध्ये गेटवे टाकला तर राउटरचं पान उघडलं. त्याचा पासवर्ड त्याच्याच पाठीवरच्या चिठ्ठीवर होता. आत गेल्यावर डीएचसीपीची यादी पाहिली, म्हणजे राउटरने कोणाकोणाला पत्ते वाटले त्याची. यादी लांबलचक होती आणि बहुतेक फोनच होते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी बनावट मॅक पत्ता (खरा मॅक म्हणजे कारखान्यातच मिळणारा, कंपनी ओळखू येणारा क्रमांक) वापरतात, त्यामुळे मॅकवरून 'हा कोणत्या कंपनीचा' हे फोनांच्या बाबतीत आता ओळखता येत नाही. त्या गर्दीतून सहा ॲक्सेस पॉइंट, प्रिंटर आणि कार्यालयाचा पीसी निवडून काढले. कंट्रोलर म्हणावं असं काही उरलं नाही.

यादीत नाही याचा अर्थ नेटवर्कवर नाही, असा होत नाही. डीएचसीपीची यादी म्हणजे ज्यांनी राउटरकडे पत्ता मागितला त्यांची यादी. ज्या यंत्राला बसवणाऱ्याने हाताने कायमचा पत्ता दिला आहे ते राउटरकडे कधी मागायला येतच नाही. आणि देखरेखीच्या यंत्राला कायमचा पत्ता देणं हा चांगल्या कारागिराचा रिवाज आहे.

म्हणून मग पूर्ण चाळणी लावली. १९२.१६८.२९.१ ते २५४, प्रत्येक पत्त्याला हाक मारून पाहणारी अनेक मोफत साधनं आहेत. एनमॅप त्यातलं जुनं आणि भरवशाचं. फक्त पिंगवर, म्हणजे 'आहेस का' एवढ्याच हाकेवर, मी अवलंबून राहिलो नाही, कारण विंडोजचे कित्येक संगणक पिंगला उत्तर देत नाहीत. युनिफायचा कंट्रोलर ८४४३ या पोर्टवर (यंत्रावरच्या क्रमांकित दारावर) आपलं पान दाखवतो आणि ८०८० वर ॲक्सेस पॉइंटशी बोलतो. ही दोन पोर्ट उघडी असलेलं यंत्र शोधलं. एकही सापडलं नाही.

नावाने हाक मारून पाहिली. या मालिकेचे ॲक्सेस पॉइंट कोरे असताना 'युनिफाय' याच नावाचा संगणक नेटवर्कवर शोधतात. ते नाव कोणी राउटरमध्ये नोंदवलं असतं तर त्यावरून पत्ता निघाला असता. नोंद नव्हती.

उरले ॲक्सेस पॉइंट. यूडीपी या निरोप-पद्धतीच्या १०००१ पोर्टवर ते आपली ओळख सांगतात, त्यामुळे सहाही जण मॉडेल आणि मॅकसह लगेच समोर आले. कंट्रोलरचा पत्ता त्यांच्या पोटात नक्की होता. त्यांच्यात एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने, शिरून 'इन्फो' ही आज्ञा दिली की ते कोणत्या पत्त्यावर वर्दी देतात हे स्पष्ट छापून येतं. पण शिरण्यासाठी लागणारा पासवर्ड कंट्रोलरनेच ठरवलेला असतो आणि कंट्रोलरमध्येच दिसतो. कागदावरचा पासवर्ड तिथे लागू पडला नाही. तो फक्त कंट्रोलरच्या पानासाठी होता.

इथे थांबून मी वहीतल्या त्या 'तेव्हापासून'कडे परत गेलो. कंपनी बदलली म्हणजे राउटर बदलला. नव्या राउटरने १९२.१६८.२९ ही पत्त्यांची मालिका आणली. जुन्या राउटरची मालिका कोणती होती? खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांचे तीन पट्टे आहेत, फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ते दिलेले आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. नुसत्या शेवटच्या पट्ट्यात ६५,५३६ पत्ते बसतात. कंट्रोलर जुन्या मालिकेत अडकून राहिला असेल तर तो तारेने आमच्याशी जोडलेला असूनही आमच्या चाळणीत कधीच येणार नव्हता.

आणि यातली खरी मेख अशी की, अंदाजाने बरोबर पत्ता ब्राउझरमध्ये टाकला असता तरी पान उघडलं नसतं. लॅपटॉप १९२.१६८.२९ मध्ये आहे. त्याला दुसऱ्या मालिकेतला पत्ता दिला की तो म्हणतो, हा माझ्या आळीतला नाही, आणि निरोप गेटवेकडे सोपवतो. राउटरला ती मालिका ठाऊकच नाही, तो निरोप बाहेर ढकलतो किंवा टाकून देतो. कंट्रोलर त्याच स्विचवर असूनही त्याच्यापर्यंत प्रश्न पोचतच नाही. म्हणून 'मी सगळे नेहमीचे पत्ते टाकून पाहिले' हा पुरावा अशा वेळी निरुपयोगी ठरतो.

दुसरी फेरी: ऐकणं

विचारणं थांबवून मी नेटवर्कवरचे निरोप जसेच्या तसे दाखवणारं वायरशार्क हे साधन चालू केलं आणि फक्त एआरपीचे निरोप दाखवायला सांगितलं.

एआरपी हा नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ मध्ये मांडलेला नियम, आजही जसाच्या तसा चालतो. एका यंत्राला दुसऱ्याशी बोलायचं असेल तर आयपी पत्ता पुरत नाही, त्याचा मॅक पत्ता लागतो. तो माहीत नसला की यंत्र वाड्याच्या चौकात उभं राहिल्यासारखं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतं: अमुक आयपी कोणाचा आहे? उत्तर मला, या आयपीवर, या मॅकवर द्या. या हाकेत चार गोष्टी असतात: विचारणाऱ्याचा मॅक, विचारणाऱ्याचा आयपी, ज्याला शोधतोय त्याचा आयपी, आणि एक रिकामी जागा, जी भरून मिळावी म्हणून सगळा खटाटोप. म्हणजे विचारणारा प्रश्नातच स्वतःचा पूर्ण पत्ता सांगून टाकतो. आणि ही हाक कोणत्या मालिकेतली आहे याच्याशी स्विचला किंवा ॲक्सेस पॉइंटला काही देणंघेणं नसतं. ते ती सगळीकडे पोचवतात, वाय-फायवर बसलेल्या लॅपटॉपपर्यंतसुद्धा. त्यासाठी वेगळं वाय-फाय कार्ड लागत नाही, विशेष अवस्थेत जावं लागत नाही. साध्या जोडणीत लॅपटॉपला स्वतःचे निरोप आणि सगळ्यांसाठीच्या हाका मिळतातच. वाचकांचं खासगी काहीही यात दिसत नाही, हे मी कार्यवाहांना पडद्यावर दाखवलं.

सुरुवातीला फोनांचीच गडबड होती, सगळ्या हाका १९२.१६८.२९ मधल्या. काही हाकांत विचारणाऱ्याचा आयपी ०.०.०.० दिसत होता. तो गोंधळ नसतो. नुकतंच आत आलेलं यंत्र 'हा पत्ता आधी कोणी घेतलाय का' एवढंच तपासत असतं. मग एक वेगळी ओळ आली: १९२.१६८.१.१ कोणाचा आहे, १९२.१६८.१.१० ला सांगा. लागोपाठ तीनदा, साधारण एकेका सेकंदाने. मग शांतता. थोड्या वेळाने पुन्हा तीनदा.

१९२.१६८.१.१ हा जुन्या राउटरचा पत्ता. तो राउटर कंपनीने केव्हाच परत नेला होता. त्याला अजून हाका मारत असलेलं यंत्र १९२.१६८.१.१० वर होतं.

मॅक पत्त्याचे पहिले तीन भाग डीसी:ए६:३२ होते. हा संच रास्पबेरी पायला नेमून दिलेला आहे, म्हणजे तळहाताएवढा, पडदा-कीबोर्ड नसलेला संगणक. युनिफायचा कंट्रोलर त्यावर चालवण्याची पद्धत बरीच रूढ होती. स्वस्त, आवाज नाही, वीज नाममात्र. तो सारखा का ओरडत होता याचंही कारण त्याच्या घडणीत आहे. रास्पबेरी पायच्या पाचव्या पिढीआधीच्या पाट्यांवर घड्याळाची सोयच नाही. वीज गेली की वेळ विसरतात आणि परत चालू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ विचारायला धावतात. इंटरनेटकडे जाण्याचा रस्ता गेटवेतून, गेटवे गायब, म्हणून गेटवेच्या नावाने हाका, वेळ मिळेपर्यंत. आमच्याकडे वीज जाण्याचं प्रमाण पाहता त्याला ओरडायला कारण कमी पडत नव्हतं.

ऐकत बसलो तेव्हा आणखी एक आवाज आला. १९२.१६८.१.२०० वरचं कोणीतरी त्याच हरवलेल्या गेटवेला विचारत होतं. मॅक पत्त्याच्या संचावरून ते कॅमेऱ्यांचं रेकॉर्डर निघालं. मॅडमच्या तक्रारीचं कोडं तिथे सुटलं. वर्षभर सगळे 'नेट स्लो आहे म्हणून कॅमेरे दिसत नाहीत' असं धरून चालले होते. रेकॉर्डर चित्रण नीट करत होता, त्याला बाहेर जायचा रस्ता तेवढा उरला नव्हता.

पत्ता मिळाल्यानंतर

लॅपटॉपला त्या मालिकेत न्यायचं होतं. आधी १९२.१६८.१.५० या पत्त्यावर कोणी नाही ना, हे एआरपीनेच विचारून पाहिलं. मग वाय-फायच्या सेटिंगमध्ये आपोआप पत्ता घेणं बंद करून तो पत्ता हाताने भरला, मास्क (मालिका कुठवर हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवेची जागा रिकामी. तेवढ्यापुरतं लॅपटॉपचं इंटरनेट जातं, त्याने बिघडत नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना पुढे एचटीटीपीएस आणि मागे ८४४३ लिहावं लागतं. नुसता आयपी टाकला तर काहीच न दिसण्याची शक्यता असते आणि माणूस समजतो की पत्ता चुकला. प्रमाणपत्राबद्दल इशारा आला. कंट्रोलर स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतो, म्हणून तो येतोच. बाहेरच्या संकेतस्थळावर असा इशारा कधी ओलांडू नये. इथे मॅक आणि आयपी दोन्ही हाताने पडताळलेले होते, म्हणून पुढे गेलो. फाइलमधलं नाव आणि पासवर्ड चालला.

आत सहाही ॲक्सेस पॉइंट 'संपर्क तुटलेला' असे दिसत होते. तारखा मात्र विचित्र होत्या. घड्याळ नसल्यामुळे रास्पबेरी पायची प्रणाली शेवटची वेळ फाइलमध्ये जपून ठेवते आणि वीज आल्यावर तिथून पुढे मोजते. प्रत्येक वेळी वीज गेलेला काळ हिशेबातून सुटला होता, आणि कंट्रोलरच्या लेखी आजची तारीख बरीच मागची होती. नोंदींवरून 'संपर्क नेमका कधी तुटला' हे शोधायला जाऊ नये, एवढं त्यावरून ठरलं.

सर्वांत आधी बॅकअपची फाइल उतरवून घेतली. कशालाही हात लावण्याआधी.

कंट्रोलरचा डबा प्रत्यक्ष कुठे आहे हे अजून कळायचं होतं. स्विच साधा असल्यामुळे कोणत्या खाचेत कोणाची केबल आहे हे तो सांगू शकत नाही. म्हणून एकीकडे १९२.१६८.१.१० ला सतत पिंग चालू ठेवला आणि शिपाईकाका स्विचमधली एकेक केबल क्षणभर काढून परत लावत गेले. ॲक्सेस पॉइंटच्या केबल आधीच खुणा करून बाजूला ठेवल्या होत्या, म्हणजे अभ्यासिका बंद पडली नाही. एका केबलला पिंग थांबला. ती केबल छताच्या पट्टीतून पहिल्या मजल्यावर गेली, बांधीव अंकांच्या कपाटामागे. "हा डबा होय? तो मी दर दिवाळीला पुसतो," काका म्हणाले. त्यांना कोणी तो काय आहे हे सांगितलंच नव्हतं.

कोणी कोणाकडे जायचं

आता दोन मार्ग होते. कंट्रोलरला नव्या मालिकेत आणायचं, किंवा राउटरलाच जुन्या मालिकेत न्यायचं.

पहिला मार्ग ऐकायला सरळ वाटतो. पण ॲक्सेस पॉइंटच्या लक्षात कंट्रोलरचा जुना पत्ता पक्का बसलेला आहे. कंट्रोलरने पत्ता बदलला तरी त्यांना ते कळणार नाही, कारण सांगायला संपर्कच नाही. मग प्रत्येकात एसएसएचने शिरून नवा पत्ता द्यावा लागतो. आता कंट्रोलरमध्ये तो पासवर्ड दिसत होता, त्यामुळे जमलं असतं. रेकॉर्डरचं सेटिंगही वेगळं बदलावं लागलं असतं.

दुसऱ्या मार्गात राउटरचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.१ केला की हाका मारणाऱ्या दोघांनाही त्यांचा गेटवे परत मिळतो आणि कोणालाच काही शिकवावं लागत नाही. मी हाच सुचवला आणि कार्यवाहांनी मान्य केला. वाचनालय बंद झाल्यावर बदल केला, स्विचची वीज काढून परत लावली, त्याबरोबर सहाही ॲक्सेस पॉइंट पुन्हा सुरू होऊन नव्याने पत्ते घेऊन आले. काही मिनिटांत कंट्रोलरच्या पानावर सहाही हिरवे झाले. रेकॉर्डरचे कॅमेरे कार्यवाहांच्या मोबाइलवर आले. बिघडलं फक्त प्रिंटरचं. कार्यालयाचा पीसी त्याला जुन्या पत्त्यावर शोधत होता, तो नव्याने जोडावा लागला.

पत्ते वाटण्याची कक्षा ठरवणं हा भाग थोडा विचाराचा होता. १० वर कंट्रोलर, २०० वर रेकॉर्डर, हे दोन्ही कक्षेच्या बाहेर राहायला हवेत, नाहीतर राउटर एखाद्या दिवशी त्यांचाच पत्ता कोणा विद्यार्थ्याच्या फोनला देऊन टाकेल. म्हणून कक्षा २० ते १९०, म्हणजे १७१ पत्ते. अभ्यासिका भरलेली असताना एकेका मुलाकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही असतात, दिवसभरात माणसं बदलतात, आणि पत्ता चोवीस तास अडवून ठेवला तर संध्याकाळी येणाऱ्याला पत्ताच उरत नाही. वाय-फाय जोडलेलं दिसतं पण फोनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येतो किंवा 'आयपी मिळवत आहे' वर अडकून राहतं. म्हणून पत्त्याची मुदत चार तासांवर आणली. सदस्यसंख्या अशीच वाढत गेली तर वाचकांसाठी वेगळी, मोठी मालिका करावी लागेल.

नवा ॲक्सेस पॉइंट जुन्यांच्याच मॉडेलचा होता, त्यामुळे कंट्रोलरने त्याला लगेच सामावून घेतलं. नव्या मॉडेलचा असता तर आधी कंट्रोलरची आवृत्ती वाढवावी लागली असती, आणि इतकी जुनी प्रणाली एका उडीत वर नेणं जोखमीचं असतं. शेवटी कर्मचाऱ्यांचा पासवर्ड बदलला, कंट्रोलरच्या पानाचाही बदलला.

इतर नेटवर्कवर

उपकरणं वेगळी असली की साधनं थोडी बदलतात. मायक्रोटिकच्या राउटरला विनबॉक्स हे त्यांचंच साधन आयपी माहीत नसताना नुसत्या मॅकवरून जोडू शकतं. कोऱ्या उपकरणाचा पत्ता बहुधा १९२.१६८.८८.१ असतो. कॅमेऱ्यांसाठी ऑनव्हिफ मानकातली शोधपद्धत यूडीपी ३७०२ वर चालते. सिस्कोच्या जुन्या एअरओएस कंट्रोलरवर वायरलेसवरून व्यवस्थापन मुळातच बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे पत्ता अचूक माहीत असूनही वाय-फायवरून पान उघडत नाही. तिथे केबल लावून बसावं लागतं. मोठ्या कॅम्पसमध्ये व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगळे कप्पे, पाडलेली असतात आणि एका व्हीलॅनमधली एआरपीची हाक दुसरीत जात नाही. ऐकायचं असेल तर योग्य व्हीलॅनच्या पोर्टवर जाऊन ऐकावं लागतं. क्रम मात्र मी सगळीकडे आता असाच ठेवतो: आपण कोणत्या वाय-फायवर आहोत हे पाहणं, मग थोडा वेळ नुसतं ऐकणं, आणि त्यानंतरच चाळणी लावणं.

वाचनालयाकडे काय सुपूर्द केलं

रास्पबेरी पायच्या डब्यावर, राउटरवर आणि रेकॉर्डरवर आयपी, मॅक आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दाखल-नोंदवहीच्या शेवटच्या पानावर नेटवर्कची एक पानाची नोंद लिहून मॅडमनी सही केली. त्यात राउटरचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.१ असायलाच हवा आणि कंपनीने राउटर बदलला किंवा रीसेट केला तर सर्वांत आधी तो तपासावा, ही ओळ लाल शाईने आहे. पासवर्ड नोंदवहीत नाहीत, ते कार्यवाहांच्या बंद पाकिटात आहेत. बॅकअपची फाइल कार्यालयाच्या पीसीवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवली.

एक काम बाकी आहे. कंट्रोलरची सगळी माहिती त्या डब्यातल्या मेमरी कार्डवर आहे, तिथे रोज लिहिलं-पुसलं जातं आणि अशी कार्डं त्याने झिजतात. ती एसएसडीवर हलवण्याचा आणि डबा इन्व्हर्टरवर घेण्याचा प्रस्ताव पुढच्या कार्यकारिणीसमोर ठेवला आहे.